म्हातारचळाची कैफियत

म्हातारचळ हा आपला शब्द कठोर खरा, परंतु निरीक्षणात तो चुकलेला नाही. कारण ज्या व्याधीस पाश्चात्त्य वैद्यकाने मुख्यतः विस्मृतीच्या अंगाने ओळखले, तीत घरच्या माणसांना जेरीस आणतो तो चळच: दिवेलागणीच्या सुमारास स्वतःच्याच घरात बसून घरी जाण्याचा हट्ट धरणे, गाठोडे बांधून दाराशी येरझारा घालणे आणि अडवणाऱ्या हातावर फटका मारणे. या चळावर काय काय उपाय झाले, याची कैफियत जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयातील एका दफ्तरापासून सुरू करावी लागते.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी रेल्वेतील एका कारकुनाची पत्नी आउगुस्टे डेटर तेथे दाखल झाली, तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. म्हणजे चळ आला होता, म्हातारपण यावयाचे होते. दुसऱ्याच दिवशी डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलावयास बसले आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी टिपू लागले. नवऱ्याचे नाव विचारता तिने स्वतःचेच सांगितले. पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचे मांस असता आपण पालक खात आहोत, असे ती म्हणाली. पुढे पुढे ती अंथरूण ओढीत फिरे, नवऱ्याला व मुलीला हाका मारी आणि तासन्‌तास भेसूर स्वरात आक्रोश करी. तेथील अधीक्षक एमिल सिओली हे रुग्णांस बांधून ठेवण्याच्या विरुद्ध होते (इंग्लंडात हॅनवेल येथे जॉन कॉनली यांनी ही रीत १८३९ सालीच मोडून काढली होती), त्यामुळे पट्ट्यांची जागा कोमट पाण्याच्या हौदाने घेतली होती. क्षुब्ध रुग्णास तासन्‌तास त्यात बसवून ठेवीत. त्याने भागले नाही तर १८६९ पासून निद्रेसाठी प्रचारात आलेले क्लोरल हायड्रेट हाताशी होतेच. आज हा उपचार भाबडा वाटतो. पण त्या पाण्यात निदान ऊब होती, एवढे त्याच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

८ एप्रिल १९०६ रोजी आउगुस्टे वारली, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि १९१० साली मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी व्याधीस अल्झायमरांचे नाव दिले. व्याधी विद्वानांच्या स्वाधीन झाली; चळ मात्र परिचारिकांच्या वाट्याला राहिला.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन आणि १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल ही औषधे अवतरली. ती मुख्यतः छिन्नमनस्कतेसारख्या विकारांवर रुजू झालेली, परंतु वृद्धाश्रमातील आरडाओरडा तीच थांबवतात असे दिसताच त्यांची तैनात तेथेही झाली. शांतता रुग्णाला लाभली की दालनाला, हा प्रश्न बरीच वर्षे कोणी नेटाने विचारला नाही. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ताकीद दिली, की या वर्गातील नव्या औषधांच्या १७ चाचण्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मृत्यू नुसत्या बनावट गोळीच्या तुलनेत सुमारे १.६ ते १.७ पट आढळले. २००८ साली जुनी औषधेही त्या ताकिदीखाली आली. ब्रिटनमध्ये २००९ च्या बॅनर्जी अहवालाने तर अशा औषधांवर असलेल्या सुमारे १,८०,००० रुग्णांमागे दरसाल १,८०० जादा मृत्यू होत असल्याचा हिशेब मांडला. २०२३ साली अमेरिकेत या चळासाठी म्हणून प्रथमच एक औषध, याच वर्गातील ब्रेक्सपिप्राझोल, मंजूर झाले, तेही तीच ताकीद कपाळी घेऊन.

मला स्वतःला अधिक मोलाचा वाटतो तो २०११ सालचा नॉर्वेतील प्रयोग. तेथील १८ शुश्रूषागृहांतील ३५२ क्षुब्ध रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या केवळ वेदनेवर आठ आठवडे पायरीपायरीने इलाज केला गेला, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल देऊन; आणि चळ सरासरी १७ टक्क्यांनी उतरला. ज्याला दुखते आहे हे सांगता येत नाही, तो ओरडणारच, ही गोष्ट तान्ह्या मुलाच्या आईला ठाऊक असते. वैद्यकाला ती आकड्यांनी पटवावी लागली.

फ्रँकफुर्टचे ते हरवलेले दफ्तर १९९५ साली पुन्हा हाती लागले. अखेरच्या दिवसांत आउगुस्टे पाय पोटाशी घेऊन पडून असे, आणि पडून पडून झालेल्या जखमा चिघळूनच ती गेली.