फक्त पुढच्या दारानं

दिवाळीला भाचा आला होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. काय काम करतोस विचारलं, तर म्हणाला, "टेस्ट लिहितो, मामा." जन्मभर परीक्षा घेतलेल्या मास्तराला एवढं पुरे! खोदून खोदून विचारलं, मग स्वतःही थोडं वाचलं. तेच इथे टिपून ठेवतो.

जुलै २०१० मध्ये अमेरिकेची नासा आणि रॅकस्पेस नावाची कंपनी यांनी मिळून ओपनस्टॅक हा प्रकल्प जाहीर केला. क्लाउड उभारण्याची खुली प्रणाली. कोणीही घ्यावी, बदलावी, चालवावी. पुढे पुष्कळ कंपन्या त्यात आल्या आणि प्रत्येकीचा आतला संसार वेगळा. कोणाकडे केव्हीएम, कोणाकडे झेन, तर कोणाकडे व्हीएमवेअर. बाहेरून मागणी मात्र एकच : मला एक यंत्र उभं करून दे. ही मागणी करण्याची ठरलेली रीत म्हणजे एपीआय.

या सगळ्याची परीक्षा घेणाऱ्या संचाचं नाव टेम्पेस्ट. (शेक्सपिअर आठवला ना?) त्याचा दंडक असा, की प्रश्न फक्त सार्वजनिक एपीआयमधूनच विचारायचे. डेटाबेसमध्ये डोकावायचं नाही, हायपरव्हायजरला परस्पर हात लावायचा नाही. का? तर आत डोकावणारी परीक्षा एकाच घडणीला पास करते. उद्या कोणी आतली मांडणी सुधारली, तर उत्तर बरोबर असूनही तो नापास! आणि एखादी गोष्ट बाहेरून तपासताच येत नसेल, तर एपीआयमध्येच सुधारणेला वाव आहे असं समजायचं. हे मी दोनदा वाचलं.

पुढे 'ओपनस्टॅक' हे नाव कोणी लावावं, हे ठरवायलाही याच चाचण्या वापरू लागले. तिथे वेगळाच पेच पडला. टेम्पेस्ट उत्तरं काटेकोर तपासू लागला. ठरल्यापेक्षा जादा रकाना दिसला तरी नापास. काही कंपन्यांनी आपापले खास रकाने जोडलेले होते, त्या अडकल्या. २०१६ मध्ये यावर बराच वाद झाला, काही काळ सवलतही द्यावी लागली. मला विचाराल तर काटेकोरांचंच बरोबर. त्या जादा रकान्यावर विसंबून कोणी प्रोग्राम लिहिला, तर दुसऱ्याच्या क्लाउडवर तो चालायचा कसा?

असो. हे वाचताना १९८४ सालची नववीची गणिताची उत्तरपत्रिका आठवली. एका मुलानं उदाहरण स्वतःच्याच रीतीनं सोडवलं होतं. पायऱ्या नीट, उत्तर बरोबर. मी पाचपैकी दोन गुण दिले, कारण रीत मी शिकवलेली नव्हती. "सर, चुकलं कुठे?" त्यानं विचारलं. "पद्धत," मी म्हणालो. तो काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

भाच्याला हे सांगितलं. तो हसला, "मामा, तुम्ही डेटाबेसात डोकावलात!"

मला काही हसू आलं नाही. त्या मुलाचं आडनाव अजून आठवतं, पण तो आता कुठे असतो कोण जाणे.