भाड्याचा कॅमेरा, हक्काचा फोटो

गोव्यात भाड्याने काय मिळत नाही? लग्नाचा मांडव, खुर्च्या, पंगतीची भांडी, जत्रेतली रोषणाई, आणि पर्यटकांसाठी स्कूटर तर गल्लोगल्ली. या यादीत आता कॅमेराही आला आहे. त्यातही गंमत अशी, की लांबलचक लेन्सच्या थोराड कॅमेऱ्यांइतकीच मागणी एका लहानशा, जुन्या वळणाच्या कॅमेऱ्याला आहे. त्याची लेन्स एकच आणि तीही कायमची बसवलेली. दिसायला तो थेट आपल्या वडिलांच्या पिढीतला. पोटात मात्र सगळा डिजिटल कारभार.

फुजीफिल्मचा एक्स-१०० हा त्यातला सर्वांत गाजलेला. लोक तो विकत घेण्याऐवजी भाड्याने का आणतात, याचं सोपं उत्तर म्हणजे किंमत. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेली त्याची सहावी आवृत्ती आपल्याकडे १,५९,९९९ रुपयांना जाहीर झाली. माझ्यासारख्या कारकुनाने ही रक्कम वाचून चष्मा पुसून पुन्हा वाचावी, अशी! पण मला या प्रश्नाचं दुसरंही एक उत्तर दिसतं आणि ते इतिहासात आहे. सामान्य माणूस कॅमेऱ्याचा मालक फार थोडा काळ होता. बाकी सगळा काळ तो कॅमेऱ्याचा भाडेकरूच होता.

जरा मागे जाऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर डॉ. नारायण दाजी होते. हे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. दोघेही डॉक्टर. मांद्र्याच्या घरातला एक मुलगा प्राचीन शिलालेख वाचत होता आणि दुसरा काचेच्या पट्टीवर माणसांच्या प्रतिमा उतरवत होता. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई, काचा, रसायनं आणि अंधारी खोली. तो बाळगणं डॉक्टर, साहेब आणि संस्थानिक यांनाच परवडणारं. बाकीच्यांनी स्टुडिओत जायचं. तिथे पडदा स्टुडिओचा, नक्षीची खुर्ची स्टुडिओची, कित्येकदा अंगातला कोटसुद्धा स्टुडिओचाच. आपला फक्त चेहरा. घटकाभर भाड्याने घेतलेलं हे वैभव आज आपल्या घरांच्या भिंतींवर पूर्वज म्हणून टांगलेलं आहे.

१८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक हा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली. दृश्य पाहायला साधी खिडकीसुद्धा नव्हती. अंदाजाने पेटी रोखायची आणि कळ दाबायची. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेराच १० डॉलरसह रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथून गोल आकाराचे फोटो आणि नव्याने भरलेला कॅमेरा परत येई. म्हणजे लोकांसाठी केलेला पहिला कॅमेरा नावाला आपला, पण दर शंभर फोटोंनी माहेरी जाणारा. १९०० मध्ये त्याच कंपनीने एका डॉलरचा पुठ्ठ्याचा ‘ब्राउनी’ काढला आणि तिथून कॅमेरा खऱ्या अर्थाने घराघरात राहू लागला.

मग जर्मनीत लायका आला. ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या आधीच बनवून पाहिला होता. बाजारात तो आला १९२५ साली, लाइपझिगच्या जत्रेत. पुढे बदलत्या लेन्ससाठी लायकाची कीर्ती झाली, पण त्याच्या त्या पहिल्या अवताराची लेन्स कायमची बसवलेली होती. १९६० नंतर जपानी कंपन्यांनी हीच कल्पना स्वस्त केली. कॅननचा कॅनोनेट १९६१ चा, याशिकाचा इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा. बाजूला दृश्य पाहायची खिडकी, वर गोल चकत्या, पुढे एकच लेन्स. आजचा एक्स-१०० दिसतो तो याच घराण्यासारखा.

आपल्याकडे या काळात काय होतं? मराठी माणसाला सयाजीरावांमुळे जवळचं वाटणाऱ्या बडोद्यात आग्फा क्लिक-३ तयार होत असे. त्याचीही लेन्स एकच आणि घट्ट बसवलेली. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. गोव्यात १९६१ पूर्वीच्या बाजारात परदेशी वस्तू मुबलक असत. मुक्तीनंतर ती वाट आटली आणि मग तारवटी किंवा आखातात नोकरीला गेलेला नातेवाईक रजेवर आला की त्याच्या बॅगेतून याशिका निघे. हा कॅमेरा एका घराचा कधीच नसे. वाड्यावर कुणाची मुंज असो की बारसं, तो मागून आणला जाई. रोल आपला, कॅमेरा त्यांचा. परत देताना सोबत प्रसादाचे लाडू. हेही एका परीने भाडंच, फक्त पावती नसलेलं!

१९८६ मध्ये फुजीने जपानमध्ये एकदाच वापरायचा कॅमेरा काढला. रोल संपला की सगळी डबी दुकानात द्यायची, फोटो घ्यायचे आणि डबी विसरून जायची. म्हणजे कोडॅकची १८८८ ची युक्ती शंभर वर्षं व्हायच्या आत पुन्हा हजर झाली. त्यानंतर डिजिटल आला, पाठोपाठ मोबाईल आला. फिल्मची जगातली मागणी २००० सालाच्या सुमारास शिखरावर होती, तिथून ती कोसळली. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९३४ साली फिल्म बनवण्यासाठीच स्थापन झालेली फुजी मात्र औषधं, सौंदर्यप्रसाधनं अशा नव्या धंद्यांत शिरून तगली. आणि २०१० च्या सप्टेंबरमध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात याच फुजीने एक्स-१०० दाखवला. मार्च २०११ मध्ये तो विक्रीला येतो न येतो तोच जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली. त्याचा कारखाना सेंदाईजवळ होता, त्यामुळे उत्पादन काही काळ थांबलं. तरीही कॅमेरा टिकला. आपल्या जुन्या फिल्मचे रंग कंपनीने त्यात डिजिटल रूपात भरले होते. २०२० ची पाचवी आवृत्ती नंतर समाजमाध्यमांवर इतकी गाजली, की दुकानांत मिळेना आणि वापरलेली प्रत नव्यापेक्षा महाग जाऊ लागली. तेव्हापासून भाड्याची वाट अधिकच रुळली.

असो. हे सगळं मी नुसतं वाचून लिहिलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता की कारकुनाने आणखी एक फाईल तयार केली. पण गेल्या उन्हाळ्यात हा कॅमेरा मी तीन दिवस भाड्याने आणला. फोंडा महालातलं आमचं जुनं घर चुलतभावंडांनी मिळून विकायचं ठरवलं आणि पावसाळ्यानंतर ते पाडलं जाणार होतं. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. अकरा वाटेकरी, गळकं छप्पर आणि राहायला कुणी नाही, असा तो हिशेब होता. कागदावर त्या घराची ओळख म्हणजे एक सर्व्हे नंबर आणि काही चौरस मीटर. एक-चौदाच्या उताऱ्यात राजांगणाची नोंद नसते. आजीची बसायची पायरीही कुठल्या रकान्यात येत नाही.

मोबाईल खिशात असताना कॅमेरा कशाला, असं घरच्यांनी विचारलंच. दुकानदाराने आधारची प्रत घेतली, अनामत रक्कम घेतली. लेन्सवर चरा नाही ना, चकत्या नीट फिरतात ना, बॅटऱ्या किती आणि कार्ड कोणाचं, हे दोघांनी मिळून तपासून कागदावर लिहिलं. तीन दिवसांचं भाडं आमच्या महिन्याच्या वीजबिलाहून जास्त झालं. पण भाडं भरल्यामुळेच ते तीन दिवस वेगळे झाले. घड्याळ चालू होतं. मोबाईलने उद्या काढू म्हणता येतं, इथे उद्या नव्हता.

एकच लेन्स असली की आणखी एक गोष्ट होते. या कॅमेऱ्याची २३ मिलिमीटरची लेन्स जुन्या फिल्मच्या हिशेबात ३५ मिलिमीटरसारखी पाहते. सोप्या शब्दांत, जेवढ्या अंतरावर उभे राहाल साधारण तेवढ्याच रुंदीचं दृश्य आडव्या चौकटीत बसतं. चार मीटरची भिंत हवी तर चार मीटर मागे जायचं. झूम नाही, पायच चालवायचे. त्यामुळे आमच्या राजांगणात मी कधी उभा राहिलो नव्हतो अशा कोपऱ्यांत उभा राहिलो. देवखोलीच्या दाराशी मागे सरकत गेलो, तर पाठ टेकली ती वसरीच्या खांबाला आणि वर पाहिलं तर वाशावर सुताराने कोरलेली खूण. चाळीस वर्षांत ती मला दिसली नव्हती. कॅमेऱ्याची काचेची खिडकी चौकटीबाहेरचंही थोडं दाखवते. माझी काकी तुळशीकडे पाणी घेऊन येताना मला चौकटीत येण्याआधीच दिसली आणि मी थांबलो. तो फोटो तीन दिवसांतला सर्वांत चांगला.

हे मोबाईलने झालं नसतं असं नाही. मोबाईलचे कॅमेरे आज उत्तम आहेत. पण आपण मोबाईलने फोटो काढतो ते जाता जाता. कॅमेरा भाड्याने आणतो तेव्हा आपण फोटोसाठीच जातो. आजोबा स्टुडिओत जाताना धुवट धोतर नेसायचे, त्यामागचं गांभीर्य तेच असावं.

चौथ्या दिवशी सकाळी कॅमेरा परत गेला, अनामत परत मिळाली. कार्डातले दोनशेबारा फोटो मी उतरवून घेतले आणि त्यातले चाळीस कागदावर छापले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: जागा, तारीख, फोटोत असलेल्यांची नावं आणि नाती. ही खोड नोकरीने लावली. नावाशिवायचा फोटो म्हणजे जावक क्रमांक नसलेलं पत्र. पन्नास वर्षांनी तो हातात घेणाऱ्याला काहीच सांगत नाही. आपल्या घरांतले कितीतरी पूर्वज असेच भिंतीवर अनोळखी झाले आहेत. फोटो उत्तम, माणूस कोण ते कुणालाच माहीत नाही. प्रत्येक वाटेकऱ्याला एकेक संच दिला. विक्रीच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी भावंडं बराच वेळ ते फोटोच पाहत बसली होती.

तुमच्याही गावात एखादं घर वाटणीला आलेलं असेल. एखादी आजी असेल, जिचा शेवटचा नीट फोटो नातवाच्या मुंजीतला. चांगला कॅमेरा विकत घेऊ तेव्हा पाहू, असं म्हणत थांबू नका. दोन दिवस भाड्याने आणा, नाहीतर पूर्वीसारखा कुणाकडून मागून आणा. कोट भाड्याचा होता म्हणून आपले आजोबा फोटोत परके दिसत नाहीत. फक्त फोटो छापा आणि मागे नावं लिहा. आजीला विचारून लिहा, ती सांगायला आहे तोवर.