निकालावर अनुदान : जोतीरावांचा आक्षेप

समाजकार्याला लागणारा पैसा खाजगी गुंतवणूकदाराने आधी घालावा आणि ठरलेले फळ दिसले, तरच सरकारने अथवा देणगीदाराने तो नफ्यासह फेडावा, ही योजना आज नवी म्हणून सांगितली जाते. इंग्लंडमधील पीटरबरोच्या तुरुंगात 2010 साली तिचा पहिला प्रयोग झाला, हे खरे. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार जुना आहे, आणि महाराष्ट्राने तो एकदा पारखूनही पाहिला आहे.

इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या 1862 च्या नियमावलीने शाळांचे अनुदान परीक्षेला बांधले. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्यापोटी 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. काम तसा दाम. यात वावगे काय, असे कोणालाही वाटावे.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. पुण्यात 1848 साली मुलींची शाळा काढणाऱ्या या माणसाला शाळा कशी उभी राहते, हे ठाऊक होते. त्यांचे म्हणणे असे की, गरीब व अज्ञानात ठेवलेल्या लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. तेथे निकालावर मिळणाऱ्या पैशाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील? त्याचे पोट कसे भरेल? म्हणून सरकारनेच शाळा काढाव्यात. शिक्षकाला दरमहा किमान 12 रुपये पगार असावा, आणि पुष्कळ मुले उत्तीर्ण करील त्याला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्यावा. म्हणजे जोतीरावांचा विरोध बक्षिसाला नव्हता. भाकरी बक्षिसावर टांगण्याला होता.

आयोगाने 1883 च्या अहवालात प्राथमिक शाळांसाठी ती पद्धत बव्हंशी कायम ठेवली. मागासलेल्या भागांतील शाळांना मात्र अपवादाची वाट मोकळी ठेवली. पुढे 1904 च्या सरकारी ठरावाने या पद्धतीला दोष दिला.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात 2015 ते 2018 या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेने मुलींच्या शिक्षणाचे काम अशाच रोख्यावर केले. भांडवल यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने घातले. फळाचे मोल दुसऱ्या एका प्रतिष्ठानाने दिले. पटनोंदणीचे उद्दिष्ट 116 टक्के, तर अध्ययनाचे 160 टक्के साधले. येथे पूर्वीचे दोन दोष टाळलेले दिसतात. जोखीम शिक्षकावर न पडता भांडवलदारावर पडली. आणि नुसते पास-नापास न मोजता, ज्या गावांत हे काम नव्हते तेथील मुलांशी तुलना करून प्रगती मोजली गेली.

हा दुसरा मुद्दा लहान नव्हे. आपल्या मनीषनगरातील ज्या घरी आईबाप शिकलेले आहेत, तेथील मुलाच्या यशाचे श्रेय सर्वस्वी शाळेचे कसे मानावे? आणि ज्या घरात पाटी प्रथमच आली, तेथील मूल नापास झाले, तरी त्याने काहीच मिळवले नाही, असे कसे म्हणावे?

तथापि रोख्याला मुदत असते. तीन वर्षांनी हिशेब मिटतो. जोतीराव तर बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, म्हणत होते. कारण सरकारी तिजोरी मुख्यतः रयतेच्या घामाने भरते, हा त्यांचा आधार होता. खाजगी भांडवलाने नवी वाट चोखाळून दाखवावी, तिचे स्वागतच आहे. पण जे मूल कोणत्याही निकालाच्या कोष्टकात बसत नाही, त्याच्या शिक्षकाचा पगार पहिल्या तारखेला कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर शेवटी सरकारलाच द्यावे लागेल.