दात्रकोशिका पांडुरोग
दात्रकोशिका पांडुरोग : (सिकलसेल). ऑक्सिजन कमी पडताच रक्तातील तांबड्या कोशिका (पेशी) दात्राच्या म्हणजे विळ्याच्या आकाराच्या होणे, हे वैशिष्ट्य असलेला आनुवंशिक रोग. महाराष्ट्रात तो नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत विशेष आढळतो. जनुक, प्रथिन व कोशिका यांचा परस्परसंबंध प्रथम ज्या रोगांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला, त्यांत याचे स्थान अग्रगण्य आहे.

शिकागो येथील जे. बी. हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा कोशिका आढळल्याचे प्रसिद्ध केले. हा दोष रुग्णाला आई व वडील या दोघांकडूनही मिळालेला असतो, हे जे. व्ही. नील यांनी १९४९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांना रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत् क्षेत्रात वेगळ्या रीतीने सरकते, असे आढळले. व्ही. एम. इंग्रॅम यांनी पुढे त्याचे कारण शोधले : बीटा शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन असते. एवढ्या फरकाने हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटून कोशिका ताठर बनते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात व असह्य वेदना होतात. अशा कोशिका अल्पायुषी असल्याने पांडुरोगही जडतो.

भारतात या दोषाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामातील चहाच्या मळ्यांवरील मजुरांत झाली. नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयातील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. आदिवासींखेरीज इतर समाजांतही हा दोष असल्याचे त्यातून दिसून आले. त्याच्या प्रसाराचे स्पष्टीकरण ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले होते : एकच सदोष जनुक असलेल्या बालकांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. एखाद्या जातीच्या आचाराशी अथवा आहाराशी त्याचा संबंध नाही.

एक सदोष व एक निर्दोष जनुक असलेली व्यक्ती वाहक होय. ती सामान्यतः निरोगी असते. तिला रुग्ण मानणे चूक आहे. वाहक व निर्दोष व्यक्ती यांच्या अपत्यांना हा रोग होत नाही. दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एक अपत्य रोगी जन्मले म्हणून पुढील तीन सुरक्षित ठरत नाहीत. विद्राव्यता चाचणीने दोषाचे अस्तित्व तेवढे कळते. वाहक व रुग्ण यांतील भेद विद्युत् संचारण चाचणीने ठरतो. पहिल्या चाचणीवरूनच निष्कर्ष काढल्यास निरोगी मुलामुलींचे विवाह विनाकारण मोडण्याचा धोका संभवतो.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. अस्थिमज्जारोपणाने रोग बरा होऊ शकतो, परंतु अनुरूप दाता मिळणे कठीण असते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी २०४७ पर्यंत या रोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्ततपासणीबरोबरच विवाहापूर्वी व गर्भारपणात आनुवंशिक सल्ला देणे हा तिचा महत्त्वाचा भाग आहे.