परवाना परत दिला, दीक्षा नाही: फ्लोरेन्स ली टिम-ऑय यांची गोष्ट

३ ऑक्टोबर २०२५ ला कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. जवळजवळ चौदाशे वर्षांच्या या गादीवर पहिल्यांदाच एक बाई. मूळच्या नर्स, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी राहिलेल्या. बातमी आली, फोटो आले, "पहिली महिला" असे मथळे आले आणि दोन दिवसांत सगळे पुढच्या बातमीकडे वळले. मला मात्र त्या दिवशी आठवली हाँगकाँगची एक बाई. १९४६ साली याच गादीच्या दबावामुळे तिला आपला परवाना परत द्यावा लागला होता. आजची पोस्ट तिच्यावर आहे. थोडी लांब आहे, पण सवडीनं वाचा.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. अँग्लिकन चर्च म्हणजे इंग्लंडच्या चर्चची परंपरा. इंग्रज जिथे गेले तिथे ती गेली. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल (ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं) किंवा कुलाब्याचं अफगाण चर्च, ही मूळची अँग्लिकन मंडळी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात इतर काही पंथांबरोबर तीही सामील झाली.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. या चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या: डीकन, प्रीस्ट, बिशप. डीकन प्रवचन देऊ शकतो, गोरगरिबांची सेवा करू शकतो, बाप्तिस्मा देऊ शकतो. पण प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभं राहून भाकर आणि द्राक्षारसाचा विधी करायचा तर प्रीस्टच लागतो. बायकांनी शिकवावं, नर्सिंग करावं, अनाथाश्रम चालवावेत, घरोघर फिरावं, याला कुणाचीच ना नव्हती. ते तर हवंच होतं! भांडण फक्त त्या मेजापाशी कोण उभं राहणार याचं होतं.

ली टिम-ऑय यांचा जन्म ५ मे १९०७ चा, हाँगकाँगमधला. मुलगाच हवा असं म्हणणाऱ्या समाजात वडिलांनी पोरीचं नाव ठेवलं टिम-ऑय, म्हणजे खूप लाडकी. आपल्याकडे त्याच काळात मुलींना "नकुशी" म्हणत होते (आणि काही गावांत अगदी परवापरवापर्यंत म्हणत होते), त्यामुळे या बापाचं कौतुक वाटतं. शाळेत असताना तिनं बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःसाठी नाव निवडलं फ्लोरेन्स, फ्लोरेन्स नाइटिंगेलवरून.

१९३१ साली हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईला डीकनेसची दीक्षा दिली जात होती. प्रवचन करणाऱ्यानं विचारलं, ही परदेशी बाई चिनी मंडळीसाठी आयुष्य द्यायला तयार आहे, तुमच्यातली एखादी चिनी मुलगी तयार आहे का? टिम-ऑय समोर बसली होती. तिनं ते मनावर घेतलं. पुढे कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, जाऊन धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं. २२ मे १९४१ ला ती डीकन झाली आणि तिची नेमणूक झाली मकाऊला.

मकाऊ म्हणजे पोर्तुगिजांची वसाहत, गोव्याचंच भावंड म्हणा. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होतं, त्यामुळे भोवतालचा चीन जपान्यांनी गिळला तरी मकाऊवर झेंडा पोर्तुगालचाच. साहजिकच निर्वासितांचे लोंढे तिथे आले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगही पडलं, तसे आणखी आले. धान्य नाही, औषध नाही, रस्त्यावर माणसं भुकेनं मरतायत. अशा गावात पस्तिशीची ही एकटी डीकन मंडळी सांभाळत होती. पोट भरायची सोय बघायची, मेलेल्यांना माती द्यायची, उरलेल्यांना धीर द्यायचा.

आणि प्रभुभोजन? त्यासाठी आधी हाँगकाँगहून प्रीस्ट येत असे. आता जपानी पहाऱ्यातून कोण येणार? तेव्हा वरिष्ठांनी तोडगा काढला: नियमात बसत नसलं तरी डीकन असतानाच तिनं हा विधी करावा, तशी परवानगी दिली. म्हणजे काम प्रीस्टचं आणि पद डीकनचं. हे ओळखीचं वाटतंय ना? कोणत्याही सरकारी दवाखान्यात किंवा शाळेत जा, "तात्पुरता कार्यभार" वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बायका दिसतील.

हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांना हे अर्धवट प्रकरण पटेना. दीक्षा न देता विधी करायला लावणं हेच त्यांच्या लेखी जास्त मोठं नियमबाह्य होतं. त्यांनी ठरवलं, काम करतेय तर रीतसर दीक्षाच देऊ. हॉल तेव्हा जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या चीनमध्ये होते. टिम-ऑय जीव मुठीत धरून मकाऊहून निघाली, त्यांना जाऊन भेटली आणि २५ जानेवारी १९४४ ला हॉल यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला प्रीस्ट केलं. संपूर्ण अँग्लिकन जगातली पहिली बाई. वय ३६.

हॉल काही स्त्रीमुक्तीचे पुढारी नव्हते. त्यांनी तसं स्पष्ट म्हटलंही: स्त्री-पुरुष समतेच्या कुठल्या सिद्धांतासाठी मी हे केलेलं नाही. पेत्रानं कर्नेल्याला बाप्तिस्मा दिला तो देवानं आधीच त्याला स्वीकारलंय हे दिसलं म्हणून, तसंच देवानं या बाईला हे दान आधीच दिलंय, मी फक्त ते मान्य केलं, असा त्यांचा युक्तिवाद. मला स्वतःला हा युक्तिवाद नुसत्या समतेच्या घोषणेपेक्षा जास्त टोकदार वाटतो. समतेवर सभा भरवून वाद घालता येतो. समोर झालेलं काम कसं नाकारणार?

पण नाकारलं.

हॉल यांनी लगेच कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना पत्रानं कळवलं. टेंपल यांना ते रुचलं नाही, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांच्या जागी जेफ्री फिशर आले. युद्ध संपलं, टपाल सुरळीत झालं, इंग्लंडच्या चर्चच्या वर्तुळात बोंबाबोंब झाली. फिशर यांचा आग्रह असा की या बाईनं प्रीस्ट म्हणून काम करणं थांबवावं. चीनमधल्या बिशपांच्या सभेनंही हॉल यांच्यावर दबाव आणला. टिम-ऑयपुढे गोष्ट अशी आली की एक तर तू बाजूला हो, नाहीतर तुझ्या बिशपना जावं लागेल. गरज सरो, वैद्य मरो! मकाऊत लोक मरत होते तेव्हा ही चालली, आता पुरुष प्रीस्टांना येता-जाता येऊ लागलं तर हिची दीक्षाच परंपरेविरुद्ध ठरली.

१९४६ मध्ये तिनं निर्णय घेतला. प्रीस्ट म्हणून काम करायचा परवाना परत दिला, दीक्षा मात्र सोडली नाही.

हा फरक नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट यातच आहे. परवाना बिशप देतो, तो बिशप काढूनही घेऊ शकतो. दीक्षा ही त्या चर्चच्याच शिकवणीनुसार एकदा मिळाली की पुसता येत नाही. म्हणजे टिम-ऑयनं त्यांच्याच नियमावर बोट ठेवलं. भांडण केलं नाही, पत्रकं काढली नाहीत, चर्च सोडलं नाही. "काम करू नको म्हणता, नाही करत. पण मी जी आहे ती आहे." काहींना ही शरणागती वाटते. मला तसं वाटत नाही. तिनं मागे घेतलं ते एवढ्याचसाठी की आपल्यामुळे हॉल यांचं पद जाऊ नये आणि नुकत्याच युद्धातून वर येणाऱ्या मंडळीत फूट पडू नये.

इथे आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण होणं अपरिहार्य आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्येच झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तर थेट मुंबई आणि लाहोरच्या बिशपांपर्यंत चर्चा गेली आणि नकार आला. हिंदुस्थानात बरं दिसणार नाही म्हणे! रमाबाईंचं उत्तर फार मार्मिक होतं. माझ्या आईनं आणि मी तरुण मुलांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्यानं घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक घेतायत याचं मला नवल वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला "हिंदुस्थानची रीत" इंग्रज बिशप शिकवणार! रमाबाईंनी पुढे आपली वाट वेगळी केली, केडगावचं मुक्ती मिशन अँग्लिकन चौकटीबाहेर उभं केलं. टिम-ऑय आतच राहिली. दोन बायका, अडवणूक एकाच जातीची, उत्तरं दोन. यातलं कुठलं बरोबर हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही.

पुढे १९४७ साली दक्षिण चीनच्या चर्चनं प्रस्ताव मांडला: वीस वर्षं प्रयोग म्हणून तरी बायकांना प्रीस्ट होऊ द्या. तो लंडनला लॅम्बेथ परिषदेकडे गेला. १९४८ च्या परिषदेनं तो परंपरेत बसत नाही म्हणून बाजूला ठेवला.

टिम-ऑय तोवर हॉल यांनी सोपवलेल्या हेपूच्या सेंट बार्नबस चर्चचं काम बघत होती. हेपू म्हणजे व्हिएतनामच्या सीमेकडचं गाव. तिथे तिनं मोठं प्रसूतिगृह सुरू केलं. जन्मल्याबरोबर मुलींचा श्वास कोंडून त्यांना मारत, ते थांबावं म्हणून. "खूप लाडकी" नावाच्या बाईनं हे काम हाती घ्यावं, यात मला वडिलांनी दिलेल्या नावाची परतफेड दिसते.

१९४९ ला कम्युनिस्ट राजवट आली. काही काळ तिनं ग्वांगझूला धर्मशास्त्र शिकवलं. १९५८ नंतर तिच्या भागातली चर्च बंद पडली. तिला शेतावर कोंबड्या सांभाळायला लावलं, मग कारखान्यात. सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्ड आले आणि तिच्याच हातात कात्री देऊन तिचे विधीचे झगे तिला कापायला लावले. एका टप्प्यावर जीव द्यावा असंही तिच्या मनात आलं होतं. उघड प्रार्थना शक्य नव्हती, म्हणून ती डोंगरावर जाऊन प्रार्थना करायची. १९४६ ला परवाना गेला, आता झगे गेले, मंडळी गेली, चर्चची इमारत गेली. उरली ती दीक्षा, जी दाखवायला कुणी नव्हतं आणि विचारायलाही कुणी नव्हतं.

मजा बघा, याच काळात बाहेर जग हलत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. १९७१ मध्ये केनियातल्या लिमुरू इथे अँग्लिकन सल्लागार परिषदेत मतदान झालं. प्रश्न असा की एखाद्या बिशपनं आपल्या प्रांताच्या संमतीनं बाईला प्रीस्ट केलं तर चालेल का? २४ विरुद्ध २२ मतांनी "चालेल". त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला हाँगकाँगमध्ये बिशप गिल्बर्ट बेकर यांनी जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना दीक्षा दिली. हाँगकाँगनं तेव्हाच टिम-ऑयची दीक्षाही मान्य केली. २५ वर्षं वाट बघून. १९७४ ला अमेरिकेत फिलाडेल्फियात ११ बायकांनी नियमांची वाट न बघता दीक्षा घेतली, १९७६ मध्ये तिथल्या चर्चला दार उघडावं लागलं. कॅनडानंही त्याच वर्षी सुरुवात केली.

चीनमध्ये चर्च पुन्हा उघडल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, टिम-ऑय कॅनडाला गेल्या. (इतका वेळ "ती" म्हणत आलो, आता त्या पंचाहत्तरीला पोचल्यात, तेव्हा "त्या".) टोरंटोत पुन्हा प्रीस्ट म्हणून उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये दीक्षेला ४० वर्षं झाली म्हणून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत उपकारस्तुती झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये बॉस्टनला बार्बरा हॅरिस या अँग्लिकन जगातल्या पहिल्या महिला बिशप झाल्या, त्या सोहळ्यातही या होत्या. पण इंग्लंडचा कायदा तेव्हाही असा होता की परदेशात दीक्षा झालेल्या बाईनं इंग्लंडमध्ये प्रीस्ट म्हणून विधी करायचा नाही. ॲबीत तुमचा सत्कार करू, मेजापाशी उभं राहू देणार नाही!

२६ फेब्रुवारी १९९२ ला टिम-ऑय गेल्या. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या चर्चनं बायकांना प्रीस्ट व्हायची मुभा दिली. तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवी होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२, म्हणजे दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता. १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलला ३२ बायकांना एकत्र दीक्षा मिळाली, टिम-ऑय यांच्या दीक्षेनंतर ५० वर्षांनी. बिशपपदासाठी आणखी वीस वर्षं गेली. २०१२ ला ठराव सहा मतांनी पडला, २०१४ ला झाला आणि २६ जानेवारी २०१५ ला लिबी लेन इंग्लंडच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. भारतात त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, चर्च ऑफ साउथ इंडियानं नंद्यालला ई. पुष्पललिता यांना बिशप केलं होतं, हे आपल्याकडच्या किती जणांना माहीत आहे?

तर सगळं मिटलं का? नाही. इंग्लंडमध्ये आजही एखादी मंडळी "आम्हाला बाई पाळक नको" असं म्हणू शकते आणि तशी सोय नियमातच आहे. मुलाली यांचं नाव आल्यावर आफ्रिकेतल्या काही प्रांतांनी उघड नाराजी दाखवली.

कॅनडाचं चर्च दर वर्षी २६ फेब्रुवारीला टिम-ऑय यांचा स्मृतिदिन पाळतं. आपल्या भागातल्या मंडळ्यांत पहिली महिला पाळक कधी आली, तेव्हा काय काय झालं, हे मात्र कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही. तुमच्या घरातल्या, मंडळीतल्या जुन्या माणसांना विचारा आणि कळलं तर इथे खाली लिहा.