शय्याव्रण : एका संज्ञेचा इतिहास आणि तिचा अपुरेपणा

पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या अंगावर दाबामुळे जी जखम होते, तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा दिसतो. ‘शय्याव्रण’ हा शब्द तयार आहे. बोलण्यात ‘बेडसोर’ रुळला आहे. मग नव्या शब्दाची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या जखमेचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, तिला दिलेल्या प्रत्येक नावाने तिचे कारण कोठे शोधावे हे आधीच ठरवून टाकले, आणि त्याचे परिणाम रुग्णांना भोगावे लागले. ज्या नागपुरात एके काळी परिभाषेची टांकसाळच उघडली होती, तेथे हा विचार अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम ‘व्रण’ या उत्तरपदाकडे पाहू. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. आजच्या मराठीत मात्र ‘कपाळावर व्रण आहे’ असे म्हटले की ऐकणारास बरी झालेली जखम व तिची मागे राहिलेली खूण अभिप्रेत वाटते. हा अर्थपालट मराठीने निराधार केला, असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या शब्दाची जी निरुक्ती दिली आहे तिचा आशय असा की, जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणावयाचे. जखम आणि खूण ही दोन्ही टोके त्या निरुक्तीतच आहेत; मराठीने त्यांतील दुसरे उचलले. पण त्यामुळे ‘शय्याव्रण’ हा शब्द सामान्य मराठी वाचकास बुचकळ्यात टाकतो. चिघळणाऱ्या, प्रसंगी हाडापर्यंत पोचणाऱ्या जखमेचे नाव त्याला शांत झालेल्या खुणेचे नाव वाटते.

सुश्रुताची दुसरी एक गोष्ट येथे अधिक उपयोगाची आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात तो व्रणांचे शारीर आणि आगंतू असे दोन भेद करतो. एक देहातील दोषांतून उद्भवणारा, दुसरा बाहेरील कारणाने येणारा. कण्याच्या दुखापतीनंतर पाठीच्या खालच्या भागावर होणारी जखम या दोहोंपैकी कोणती, हाच वाद एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. ब्राउन-सेकार याने १८५३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे दाखविले की, मज्जारज्जू तोडलेल्या प्राण्यासही दाब व ओल यांपासून जपले तर जखमा होत नाहीत. म्हणजे जखम आगंतू. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को याचे मत उलट होते. मज्जारज्जूच्या विकारानेच कातडीचे पोषण बिघडते आणि जखम आतून उद्भवते, असे त्याने प्रतिपादिले, व तिच्या लॅटिन नावास ‘अशुभसूचक’ या अर्थाचे विशेषण जोडले. ते मूळ नाव ‘डेक्युबिटस’ म्हणजे केवळ ‘पडून राहणे’. या विशेषणाने जखमेला भवितव्याचे रूप आले. जे अटळ आहे ते टाळण्यासाठी रुग्णास कूस कोण बदलून देईल? शार्कोचा अधिकार मोठा होता. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक पुढे दगावले, आणि त्यात या जखमांचा व मूत्रमार्गाच्या संसर्गाचा वाटा मोठा होता. हा सारा दोष एका विशेषणावर लादणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते विशेषण निरुपद्रवी नव्हते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

हे चित्र पालटले ते १९४४ मध्ये. जर्मनीतून परागंदा झालेले लुडविग गुटमन यांनी इंग्लंडातील स्टोक मँडेविल येथे कण्याच्या दुखापतींचा विभाग उघडला आणि दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णास वळविण्याचा नेम घालून दिला. जखम आगंतू आहे हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. त्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ साली सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक सामने उदयास आले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, त्याची पूर्वपीठिका ही अशी एका रुग्णशाळेत आहे.

आता इंग्रजी ‘बेडसोर’ व त्याचे संस्कृत रूपांतर ‘शय्याव्रण’. या नावाने कारण देहातून बाहेर काढले हे खरे. पण ते बिछान्यावर नेऊन ठेवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात अशी जखम हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष होय, असा निर्वाळा दिला. त्या काळी तो क्रांतिकारक होता. कण्याच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, आणि कसा ते तपशिलाने पाहणे इष्ट आहे.

मणक्यांपर्यंत पाठीकडून पोचावयाचे तर रुग्णास पालथे घालावे लागते. भूल दिलेली असल्याने त्यास दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून तो अंग चोरीत नाही. निजलेला निरोगी मनुष्य रात्रीतून कितीदा तरी कूस पालटतो; येथे कित्येक तास तेच कपाळ, तीच हनुवटी, छाती, कमरेच्या हाडांची पुढली टोके व गुडघे भार सोसत राहतात. लँडिस याने १९३० मध्ये निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी केशवाहिन्यांतील दाब मोजला, तो सरासरी सुमारे ३२ मिलिमीटर पारा भरला. बाहेरचा दाब याहून बराच अधिक होऊन टिकला की रक्त अडते. दाब थोडा असला तरी तो पुष्कळ वेळ राहिल्यास अपाय होतो, हे कोसियाक याने १९५९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले. त्यातच शस्त्रक्रियेत रक्तदाब उतरला, अंग गार पडले, रुग्ण मधुमेही किंवा फार कृश वा फार स्थूल असला, तर धोका वाढतो. १९६७ साली टोरांटोच्या रेल्टन व हॉल यांनी पोट मोकळे राहावे व रक्तस्राव कमी व्हावा म्हणून चार आधारांची चौकट योजिली. हेतू साधला, परंतु सगळा भार छाती व कंबर यांवरील चार ठिकाणी एकवटला. एका संकटाचा परिहार करताना दुसऱ्यास जागा द्यावी लागते, ती अशी.

अपाय प्रथम हाडालगतच्या स्नायूंत होतो. वरची कातडी त्या दिवशी केवळ लाल दिसते, किंवा तेवढीही नाही. दोन-तीन दिवसांनी जांभळा डाग उमटतो, तेव्हा रुग्ण वॉर्डात असतो आणि पाळी असते ती तेथील परिचारिकेची. नाव ‘शय्याव्रण’ असल्यामुळे चौकशी शय्येचीच होते. शस्त्रक्रियागृहात काय घडले हे कोणी विचारीत नाही. आणि पाठच तपासावयाची सवय असल्याने छातीवरील डाग कित्येकदा उशिरा दृष्टीस पडतो. मराठी वाक्प्रचारही याच बाजूचे आहेत. रुग्ण ‘अंथरूण धरतो’, ‘अंथरुणाला खिळतो’. शस्त्रक्रियेच्या मेजाची दखल भाषेने अद्याप घेतलेली नाही.

अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये संज्ञेतील ‘अल्सर’ काढून ‘इंज्युरी’ हा शब्द घातला, कारण पहिल्या अवस्थेत व खोल अपायात कातडी फाटलेलीच नसते. मराठीत याचे काय करावे? पंडित रविशंकर शुक्ल यांच्या राजवटीत, नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना, डॉ. रघुवीर यांनी येथे संस्कृत धातूंवरून सहस्रावधी पारिभाषिक शब्द घडविले. त्यांचा बृहद् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली येथूनच निघाला. त्या पद्धतीने गेल्यास ‘पीडनक्षत’ असा काही शब्द होईल. त्यातील ‘पीड्’ धातू मोठा बोलका आहे. ‘वर बसणे’ हा त्याचा मूळ भाव, ग्रीकमधील दाबण्याचे क्रियापद त्याचे सगोत्र, आणि आपली ‘पीडा’ म्हणजे मुळात दाबच. पण सुश्रुताने ‘पीडन’ हा शब्द पू दाबून काढण्याच्या उपचारासाठी वापरला आहे, आणि ‘क्षत’ म्हटले की फाटणे आलेच.

प्रस्तुत लेखकाचा कौल ‘दाबइजा’ या शब्दास आहे. ‘इजा’ अरबीतून आलेला. त्यामुळे समास संकरज होतो, व शुद्धतावाद्यांस तो खपणार नाही. परंतु इजा कातडी न फाटताही होते, मुक्या माराचीही होते. शिवाय ‘मेडिकल’मधील किंवा ‘मेयो’तील परिचारिकेस, तसेच गडचिरोलीहून आलेल्या रुग्णाच्या भावास, तो समजावून सांगावा लागणार नाही. आणि रुग्णपत्रिकेवर ‘इजा’ असे लिहिले की ती केव्हा झाली, कशाने झाली, हे पुढचे दोन रकाने आपोआप भरावे लागतात. त्या रकान्यांत रुग्ण किती तास पालथा होता, कोणत्या आधारांवर होता आणि मेजावरून उचलताना कातडी कशी दिसत होती, याची नोंद शस्त्रक्रियागृहातच व्हावयास हवी.