‘तू अजून लहान आहेस!’ : थीम पार्कमध्ये चिमुकल्यांसाठीचा भाग कसा आखला जातो?

थीम पार्कमधल्या मोठ्या राइडच्या तोंडाशी एक उंची मोजायची पट्टी उभी असते. चार वर्षांचं पोर तिला पाठ लावून टाचा उंचावतं, मान ताणतं, श्वास रोखतं. कर्मचारी डोक्यावर हात आडवा धरतो आणि हसत म्हणतो, "पुढच्या वर्षी ये हं!" मागे ताई किंवा दादा आत निघून गेलेला असतो. मग रडारड, समजावणी, आइस्क्रीम. पुढच्या राइडजवळ पुन्हा तीच पट्टी.

मुलाला दिवसभरात हा नकार जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितका सगळ्या घराचा दिवस बिघडतो. म्हणून मोठ्या पार्कमध्ये लहान मुलांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. बाहेरून तो सोपा वाटतो. वाकडीतिकडी रंगीत घरं, बुटके पाळणे, एखादी छोटी आगगाडी. पण मोठ्यांच्या राइड आकाराने लहान केल्या की हा भाग तयार होतो, असं अजिबात नाही. तो आखताना मुलाची उंची, त्याची भीती, त्याचा कंटाळा आणि सोबतच्या आईबाबांचे दुखरे पाय, हे सगळं एकाच वेळी मोजावं लागतं.

एका बाकाची गोष्ट

वॉल्ट डिस्ने शनिवार-रविवारी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. आईवडिलांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार आपल्याला तिथे सुचला, असं ते नंतर सांगत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड सुरू झालं. ग्रिफिथ पार्कमधला म्हणून ओळखला जाणारा एक बाक आजही तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाउसमध्ये ठेवलेला आहे.

गंमत अशी की बाकावर बसणाऱ्या पालकाचा प्रश्न त्यानंतरही पूर्णपणे सुटला नाही. मुलांचा भाग आखणाऱ्यांना दोन गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. एक खेळणारं आणि दुसरं त्याच्यावर नजर ठेवणारं. मुलाला राइडवर एकटं बसवून पालक कुंपणाबाहेर थांबणार, की दोघं शेजारी बसणार? सोबत बसायचं तर आसन मोठ्या माणसाला पुरेल असं हवं. म्हणजे बांधणीत वजन वाढलं, जागा वाढली, खर्च वाढला. गावच्या जत्रेत लहान पाळण्यात मुलाला एकटं बसवतात आणि आई खालून हात हलवत राहते. थीम पार्कला मात्र दोघांना शेजारी बसवायचं असतं.

टूनटाउन : मोडून पुन्हा मांडलेला एक भाग

आखणी कशी बदलत गेली हे समजून घ्यायला डिस्नेलँडमधलं ‘मिकीज टूनटाउन’ फार उपयोगी आहे, कारण एकच भाग दोनदा आखला गेला. पहिलं टूनटाउन २४ जानेवारी १९९३ रोजी उघडलं. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटातल्या कार्टून शहरावर त्याची कल्पना बेतलेली होती. मिकी आणि मिनीची घरं, डोनाल्डची बोट, चिप आणि डेल यांचं झाडावरचं घर. टपालपेट्या बोलायच्या. फटाक्यांच्या कारखान्याबाहेरचा दांडा खाली दाबला की आत धडाधड आवाज व्हायचे.

ही शेवटची गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगून तितकी मजा येत नाही, जितकी आपण काहीतरी केल्यावर काहीतरी घडतं हे पाहून येते. बटण दाबलं, आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. मोठा माणूस दुसऱ्या वेळीच कंटाळतो, मूल विसाव्या वेळीही खिदळतं. शिवाय इथे रांग नाही आणि उंचीची पट्टीही नाही. मुंबईतल्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट आठवला तर हे तत्त्व लगेच लक्षात येईल. तो बूट हलत नाही, फिरत नाही. त्यात शिरायचं, वर चढायचं आणि खिडकीतून खाली पाहायचं, एवढंच. तरी पिढ्यान् पिढ्या मुलं त्यात रमली.

तीस वर्षांनी टूनटाउन पुन्हा आखायचं ठरलं. मार्च २०२२ मध्ये ते बंद झालं आणि १९ मार्च २०२३ रोजी नव्या रूपात उघडलं. नव्या आखणीत सगळ्यात डोळ्यांत भरतं ते मोकळं मैदान. दर चौरस फुटातून कमाई मोजणाऱ्या धंद्यात बसायला, लोळायला, धावायला हिरवळ राखणं हा धाडसी निर्णय म्हणायला हवा. ‘सेंटूनियल पार्क’ नावाच्या या चौकात एक कारंजं आहे. त्याच्याभोवती मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर पाणी खेळतं ठेवलं आहे. शेजारी एक मोठं झाड आहे. त्याच्या कोरीव मुळांवरून चढता येतं, खालून रांगता येतं. मिझुरी राज्यातल्या मार्सेलिन गावी लहानपणी वॉल्ट डिस्ने ज्या झाडाखाली बसत, त्याची ही आठवण.

गूफीच्या अंगणात चढाईचा किल्ला आणि घसरगुंड्या आल्या, डोनाल्डच्या तळ्यात पाण्याचे खेळ आले. रंगही सौम्य केले गेले. पहिल्या टूनटाउनचे रंग अंगावर येणारे होते. दिवसभराच्या गोंगाटाने शिणलेल्या मुलाला थोडं निवांत वाटावं, हा या बदलामागचा हेतू.

उंचीच्या पट्टीमागे काय असतं?

पालकांना पट्टी म्हणजे आडमुठेपणा वाटतो. ‘माझा मुलगा घाबरत नाही हो,’ असं ते कळवळून सांगतात. पण मूल धीट आहे की नाही, हे पट्टी मोजतच नाही. राइडमधला अडसर, म्हणजे मांडीवर किंवा खांद्यांवर येणारा दांडा, ठरावीक मापाच्या शरीराला धरून ठेवतो. शरीर त्याहून लहान असेल तर वळणावर किंवा उतारावर ते खालून निसटू शकतं. उंची हे त्या मापाचं रांगेत झटकन तपासता येईल असं गणित आहे. दुसरं कारण वयाचं. ‘गाडी थांबेपर्यंत उठायचं नाही’ ही सूचना ऐकून पाळण्याची समज फार लहान मुलात नसते.

हे आकडे वयाशी जुळवून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार, जे भारतासह सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवर आधारलेले आहेत, दोन वर्षांच्या मुलांची मधली उंची ८६ सेंटीमीटरच्या आसपास, तीनची सुमारे ९६ आणि पाचची सुमारे ११० असते. डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नला ४२ इंच, म्हणजे जवळपास १०७ सेंटीमीटर उंची लागते. साडेचार वर्षांच्या मुलांपैकी निम्मी तिथे परत फिरतील. इंडियाना जोन्सच्या राइडला ४६ इंच लागतात. तिथे सहा वर्षांचं मूलही काठावरच अडकतं.

टूनटाउनमधल्या छोट्या रोलर कोस्टरला मात्र ३५ इंच, म्हणजे ८९ सेंटीमीटर पुरतात. सव्वादोन-अडीच वर्षांची बरीच मुलं त्यात बसतात. जानेवारी २०२३ मध्ये तिथेच सुरू झालेल्या मिकी आणि मिनीच्या ‘रनअवे रेल्वे’ला उंचीची अटच नाही. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळं कुटुंब एका गाडीत. लहान मुलांच्या भागातली खरी मोठी राइड अशीच असावी लागते. नाहीतर धाकट्याला छोट्या पाळण्यावर सोडून बाकीचे निघून जातात आणि ‘आपल्याला वगळलं’ हे धाकट्याला बरोबर कळतं.

जिथे अट टाळता येत नाही, तिथे पार्क ‘रायडर स्विच’ देतात. आई धाकट्यापाशी थांबते, बाबा राइड करून येतात, मग आई पुन्हा रांग न लावता आत जाते. साधी सोय, पण यामुळे कितीतरी भांडणं टळत असतील.

भीती किती चालेल?

याचं उत्तर डिस्नेलाही पहिल्या झटक्यात सापडलं नव्हतं. १९५५ पासूनच्या स्नो व्हाइटच्या अंधाऱ्या राइडमध्ये स्वतः स्नो व्हाइटच नव्हती. प्रेक्षकाने स्वतःला स्नो व्हाइट समजावं, सगळं तिच्या नजरेतून पाहावं, अशी कल्पना. लोकांना ते उमगलं नाही. लहान मुलांच्या वाट्याला आली ती पुन्हा पुन्हा समोर येणारी चेटकीण. १९८३ मध्ये राइड नव्याने बांधली तेव्हा स्नो व्हाइटची बाहुली आली आणि पालकांना आधीच कळावं म्हणून नावात ‘स्केअरी’ हा शब्द घातला गेला. २०२१ मध्ये नाव बदलून ‘एन्चांटेड विश’ झालं आणि शेवट आनंदाचा केला गेला. एका राइडला हा सूर सापडायला पासष्टहून अधिक वर्षं लागली.

मुलांना भीती नकोच असते असं नाही. आजोबांनी ‘भॉक्’ केलं की ती दचकतात आणि ‘पुन्हा कर’ म्हणतात. पण तिथे आजोबांचा चेहरा दिसत असतो आणि खेळ थांबवता येतो. अंधाऱ्या बोगद्यातल्या गाडीतून उतरता येत नाही.

रांग, म्हणजे खरी कसोटी

उडत्या हत्तीची, म्हणजे डंबोची राइड घ्या. एका चक्रावर १६ हत्ती आणि प्रत्येकात दोघं. चढणं, पट्टा लावणं, फिरणं, उतरणं मिळून एका फेरीला तीन मिनिटं धरली तर तासाला जास्तीत जास्त ६४० माणसं बसतील. मोठ्या राइडच्या तुलनेत हा आकडा फारच तोकडा आहे. म्हणजे सगळ्यात कमी धीर असलेल्या गिऱ्हाइकाला सगळ्यात हळू सरकणारी रांग!

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये २०१२ साली यावर दोन उपाय केले गेले. एक, डंबोची दोन चक्रं शेजारी शेजारी बसवली आणि ती उलटसुलट दिशांना फिरू लागली. दुसरा उपाय जास्त हुशारीचा होता. रांगेच्या जागी सर्कशीच्या तंबूत खेळायची जागा केली. पालकांच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचं, मुलांनी आत उड्या मारायच्या, पाळी आली की यंत्र थरथरणार. तंबूतून निघायला नकार देणारी मुलं तिथे किती असतील, याची कल्पना करता येते.

साडेतीन ते नऊ इंच

खेळायच्या जागेची आखणी करताना एक आकडा डोक्यात पक्का असावा लागतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार खेळाच्या साधनांत साडेतीन ते नऊ इंच रुंदीची बंदिस्त फट नसावी. मूल पाय आधी घालतं, धड निसटून जातं आणि डोकं अडकतं. मग पाय अधांतरी आणि सगळं वजन मानेवर. साडेतीन इंचांहून अरुंद फटीत धड जात नाही, नऊ इंचांहून रुंद फटीतून डोकंही सुटतं. मधलं माप जिवावर बेतू शकतं. नक्षीदार कठडा, कार्टूनसारखी वाकडी खिडकी, दोरांची जाळी, सगळं याच चाळणीतून जातं.

दोन ते पाच आणि पाच ते बारा या वयोगटांसाठी जागा वेगळ्या ठेवाव्यात, असंही ही पुस्तिका सांगते. नाहीतर धावत आलेल्या दहा वर्षांच्या मुलाखाली दोन वर्षांचं मूल सापडतं. आत यायचा-जायचा रस्ता एकच असला आणि तो पालकांच्या बाकावरून दिसत असला, की मूल हरवण्याची शक्यता बरीच कमी होते. बाक कुठे ठेवायचा, हा म्हणूनच सजावटीपेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे.

उन्हाचंही तसंच. एप्रिलमधल्या दुपारी बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. पण प्लास्टिक आणि रबरी फरशीही तापून कोवळी कातडी भाजू शकते. सावली चित्रात शेवटी रंगवायची वस्तू नाही, तिची जागा आधी ठरवावी लागते.

घसरगुंडीत आणखी एक बारकावा आहे. प्लास्टिकवर घसरताना स्थिर वीज तयार होते आणि तिचा कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सर्वांना खेळता येतील अशा मैदानांत धातूच्या किंवा फिरत्या नळकांड्यांच्या घसरगुंड्या पसंत केल्या जातात. गूफीच्या अंगणातल्या घसरगुंड्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. पेनसिल्व्हेनियातलं सेसमी प्लेस २०१८ मध्ये ‘सर्टिफाइड ऑटिझम सेंटर’ ठरलेलं जगातलं पहिलं थीम पार्क झालं. आवाज आणि उजेड सोसत नसलेल्या मुलांसाठी तिथे शांत खोल्या आहेत. कोणत्या राइडवर किती आवाज, किती झगमगाट, याची माहितीही आधीच दिलेली असते.

आणि बाबागाड्या

आईवडिलांना विचारलं तर ते या यादीत स्वच्छतागृह, लंगोट बदलायची जागा आणि बाबागाड्या कदाचित सगळ्यात वर घालतील. मुलांच्या भागातल्या प्रत्येक राइडबाहेर बाबागाड्यांचा तळ पडलेला असतो. तेवढी जागा नकाशात धरली नाही तर तीच गर्दी वाट अडवते. १ मे २०१९ पासून अमेरिकेतल्या डिस्ने पार्कमध्ये ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब बाबागाडी आणायला बंदी आहे. उंचीची पट्टी मुलांना लागते, मापाची फूटपट्टी त्यांच्या गाडीला.